उमटणं

टेबलावर ठेवलेल्या त्या चौकोनी तुकड्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी त्यात काही दिसत नाही. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, मिलिमीटरभर जाडीचा, नितळ. एका कोपऱ्यात सुईनं कोरलेला क्रमांक. तो नसता तर वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हेही कळलं नसतं. सीआर-३९ नावाच्या प्लॅस्टिकचा हा तुकडा तीन महिने एका घराच्या माजघरात, आढ्याजवळ टांगलेल्या छोट्या डबीत होता. त्या तीन महिन्यांत घरातल्या हवेत रेडॉन वायूचे जे अणू फुटले, त्यांतल्या काहींचे अल्फा कण या प्लॅस्टिकमध्ये घुसून थांबले आहेत. घडायचं ते घडून गेलं आहे, त्याची नोंदही झाली आहे, आणि तरी वाचायला अजून काहीच नाही.

अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, आणि रेडॉनमधून सुटताना सुमारे साडेपाच दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा. हवेत चारेक सेंटिमीटर गेला की तो थकतो. प्लॅस्टिकमध्ये तर जेमतेम तीस मायक्रॉन. पण तेवढ्या अंतरात तो वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो आणि ज्या लांबच लांब साखळ्यांमुळे प्लॅस्टिकला त्याचा घट्टपणा येतो, त्या ठिकठिकाणी तुटतात. तुटलेल्या साखळ्यांची एक नळी मागे राहते. तिची रुंदी काही नॅनोमीटर, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या शंभराव्या हिश्शाइतकी. ती साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणं शक्यच नाही. धातूत अशी नळी टिकत नाही, कारण तिथे मोकळ्या इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी असते की रिकामी झालेली जागा तत्क्षणी भरून निघते. खूण राहायची तर पदार्थ विद्युतरोधक हवा. अभ्रक चालतं, काच चालते, कित्येक स्फटिक चालतात. प्लॅस्टिक सर्वांत उत्तम.

ती वाट दिसण्याजोगी करायची तर प्लॅस्टिकचा थोडा भाग गमवावा लागतो. प्रयोगशाळेत या कामाला सगळे एचिंगच म्हणतात. सव्वासहा नॉर्मलचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण, ७० अंशांवर स्थिर ठेवलेलं वॉटर बाथ, आणि सहा तास. एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या वर्षी मी हे शिकले. द्रावण कसं करायचं ते सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, पण खरं शिकवलं ते प्रयोगशाळेतल्या मामांनी. दाणे पाण्यात घालायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही. एकदम घालायचे नाहीत, द्रावण आपणहून तापतं, त्याला निवायला वेळ द्यायचा. "ताई, बोटं बुळबुळीत लागली की समजायचं, आता ते तुम्हालाच एच करायला लागलं," असं म्हणून ते माझ्यासाठी नळ सोडून ठेवायचे. तुकडे तारेच्या छोट्या शिंकाळ्यांत घालून द्रावणात सोडले की मग फक्त तापमानावर लक्ष ठेवायचं. एक-दोन अंश इकडचा तिकडे झाला तरी खड्ड्यांचा आकार बदलतो आणि सगळा हिशोब चुकतो. पंखासुद्धा मामा बंद करायला लावत.

कॉस्टिक काही खुणेपुरतंच प्लॅस्टिक खात नाही. ते सगळीकडून खातं, तासाला मायक्रॉनपेक्षा थोडं जास्त. पण जिथे साखळ्या आधीच तुटलेल्या आहेत तिथे ते भराभर आत शिरतं. या दोन वेगांमधल्या फरकातून खड्डा तयार होतो. काही नॅनोमीटरची नळी सहा तासांनी दहा-बारा मायक्रॉन तोंडाचा शंकू झालेली असते. दोन वेग सारखेच असते तर तुकडा नुसता झिजत गेला असता आणि खूण त्याबरोबर वाहून गेली असती. दिसणं सगळं त्या फरकावर अवलंबून आहे. शिवाय वेळेचंही भान लागतं. लवकर काढला तर खड्डे इतके बारीक की धुळीच्या कणांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. फार वेळ ठेवला तर शंकूचं टोक गोलावतं, कडा पसरतात, शेजारचे खड्डे एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी उथळ, गुळगुळीत वाट्यांखेरीज काही उरत नाही. त्यातून कण किती ऊर्जेचा होता, कुठून आला होता, काहीच सांगता येत नाही.

डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन, वाळवून, तो तुकडा मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली घेतला तेव्हा आधी सगळं धुरकट दिसलं. फोकसचा बारीक स्क्रू फिरवत गेले आणि अचानक पृष्ठभाग वर आला. मृगाच्या पहिल्या सरीचे टपोरे थेंब अंगणातल्या धुळीत पडावेत तसे ते खड्डे विखुरलेले होते. सरळ वरून आलेल्या कणांचे गोल, काळ्या कडांचे, मधोमध उजेडाचा ठिपका असलेले. तिरक्या आलेल्यांचे लांबट, एका टोकाला निमुळते. त्या निमुळत्या टोकावरून कण कोणत्या बाजूनं आला ते सांगता येत होतं. कुठेही ओळ नव्हती, रचना नव्हती. दोन खड्डे अगदी चिकटून, आणि मग बराच मोकळा भाग. त्या घरात कुणीतरी तीन महिने स्वयंपाक केला होता, भांडी घासली होती, झोपलं होतं, आणि त्यांच्या श्वासातून जाणाऱ्या हवेतले हे अणू आपापल्या वेळी फुटत होते. मी एकेक खड्डा मोजून वहीत रेघा मारत होते. मोजून झालेल्या भागाकडे पुन्हा पुन्हा परत जावंसं वाटत होतं.

तेव्हापासून आजपर्यंत या प्लॅस्टिकची मला सर्वांत ओढ वाटत आली आहे ती त्याच्या न पाहण्याची. त्याला प्रकाश कळत नाही. दिवसाउजेडी उघड्यावर ठेवलं तरी बिघडत नाही. गॅमा किरण, क्ष-किरण, इलेक्ट्रॉन त्यातून निघून जातात आणि त्याला पत्ता लागत नाही, कारण ते एका जागी इतकी मोडतोड करतच नाहीत की साखळ्यांची सलग नळी तुटावी. प्रत्येक प्लॅस्टिकला आपला उंबरठा असतो. त्याच्या खालचा आघात झालाच नाही असं समजायचं. फोटोच्या काचेचं याच्या उलट असतं. १९३०–४० च्या दशकांत देबेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफूच्या उंचीवर विश्वकिरणांसाठी फोटोच्या काचा ठेवल्या आणि त्यांतून मेसॉनांचा माग काढला. ते काम मोठं आणि देखणं आहे, पण फोटोच्या काचेला प्रकाशापासून जपावं लागतं आणि काळ गेला की बारीकसारीक गोष्टींचंही धुकं तिच्यावर साचतं. प्लॅस्टिकवर धुकं साचत नाही. कोट्यवधी हलके कण त्यातून गेले तरी ते पुढच्या एका जड कणासाठी स्वच्छ असतं.

कोनालाही असाच उंबरठा असतो. कण फारच निसटत्या कोनात आला, तर त्याची नळी खोल होण्याआधीच वरचा थर खाल्ला जातो आणि खूण धुऊन निघते. म्हणजे काही कण आत येऊन, साखळ्या तोडून, थांबूनसुद्धा मोजणीत येत नाहीत. किती येत नाहीत याचा हिशोब मात्र मांडता येतो. ठरावीक ताकदीच्या स्रोतासमोर तुकडे धरून, आलेले किती आणि उमटलेले किती याचं प्रमाण आधीच काढून ठेवतात. आपण काय पाहू शकत नाही याचा आकडा हाताशी असणं मला फार मोलाचं वाटतं.

आणि एलआर-११५ नावाच्या फिल्मचा उंबरठा तर दोन्हीकडून आहे. ही कोडॅक-पाथेची, सेल्युलोज नायट्रेटची, लालभडक रंगाची पातळ फिल्म. पॉलिएस्टरच्या पाठीवर बसवलेला जेमतेम बारा मायक्रॉनांचा थर. भारतात घरोघरच्या रेडॉनच्या मोजण्या कित्येक वर्षं हिच्यावर चालल्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेल्या डोसमापकांतही हीच असते. फार मंद अल्फा तिला कळत नाहीत, आणि फार वेगवानही कळत नाहीत. कण जितका वेगात, तितका तो वाटेतल्या अणूंपाशी कमी थांबतो आणि तितकं कमी मोडतो. सर्वांत जास्त मोडतोड तो थांबता थांबता करतो. रेडॉन फुटून जे पोलोनियमचे अणू होतात ते कशालाही चिकटतात, फिल्मलासुद्धा. तिथे चिकटून ते फुटले तर त्यांचे अल्फा कण पूर्ण वेगानं, अगदी लगटून, फिल्ममध्ये घुसतात. सीआर-३९ असतं तर त्यानं ते नोंदवले असते आणि हवेत किती आणि अंगाला चिकटलेलं किती याचा गोंधळ झाला असता. एलआर-११५ ते नोंदवतच नाही. जो कण हवेतून थोडं अंतर चालून, वेग गमावून आला आहे, तोच तिच्यावर उमटतो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ त्या लाल तुकड्याकडे बघत बसले होते. अंगाला चिकटून ओरडणाऱ्याला न ऐकता दुरून आलेल्याचं ऐकणारी ती फिल्म मला त्या वयात हवी होती, आजही हवी आहे.

तिचं मोजणंही पाहण्यासारखं. एचिंगनंतर लाल थर पाठीवरून अलगद सोलायचा. त्याला आता आरपार भोकं पडलेली असतात. तो एका इलेक्ट्रोडवर पसरायचा, वर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं मायलार ठेवायचं, आणि व्होल्टेज वाढवत न्यायचं. जिथे भोक आहे तिथून ठिणगी उडते. टिक्. निळा ठिपका, लगेच विझलेला. त्या ठिणगीनं समोरचं ॲल्युमिनियम तेवढ्याच जागेपुरतं उडून जातं, त्यामुळे त्या भोकातून पुन्हा ठिणगी उडू शकत नाही आणि एक कण दोनदा मोजला जात नाही. खोलीतला दिवा घालवला की ठिणग्या भराभर इकडेतिकडे उडताना दिसायच्या, मग विरळ होत जायच्या, मग थांबायच्या. नंतर मायलार उजेडाला धरलं की त्याला पडलेली छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसत. मामा ते तुकडे वहीत डकवून ठेवायला सांगत. आकडा काउंटरवर आलेला असे, तरीही.

या सगळ्याची सुरुवात १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलला झाली. डी. ए. यंग यांनी लिथियम फ्लुओराइडचा स्फटिक युरेनियमच्या पत्र्याजवळ ठेवला, त्यावर न्यूट्रॉन सोडले, आणि मग स्फटिक रसायनात बुडवला. जितके विखंडनाचे तुकडे त्यावर आदळले असावेत असा हिशोब होता, तितकेच खड्डे निघाले. पुढच्याच वर्षी तिथेच सिल्क आणि बार्न्स यांनी अभ्रकातल्या सरळ रेषा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पण पाहण्यासाठी वापरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोतातच त्या रेषा विरू लागत. अमेरिकेत स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्राइस आणि वॉकर यांनी अभ्रक आधी रसायनात बुडवून त्या खुणा कायमच्या केल्या. फ्लायशर त्यांना येऊन मिळाले आणि मग या तिघांनी काच, खनिजं, प्लॅस्टिक, जे हाती येईल ते कणांपुढे धरलं. त्यातून वाटेत एक गाळणीही निघाली. विखंडनाच्या तुकड्यांनी भोसकलेली प्लॅस्टिकची फिल्म हवी तितका वेळ खाऊ दिली की हव्या त्या मापाची, एकसारखी भोकं मिळतात. १९६४ मध्ये अशी गाळणी रक्तातल्या मोठ्या, कर्करोगाच्या पेशी वेगळ्या काढायला वापरल्याचं प्रसिद्ध झालं.

सीआर-३९ मात्र कणांसाठी जन्मलं नव्हतं. पिट्सबर्ग प्लेट ग्लासच्या एका शाखेत १९४० च्या सुमारास कोलंबिया रेझिन या नावानं मिश्रणं तयार होत होती. त्यांतलं एकोणचाळिसावं हे. युद्धात ते बी-१७ बॉम्बर विमानांच्या इंधनटाक्यांत गेलं, युद्ध संपल्यावर चष्म्यांच्या भिंगांत आलं, कारण ते काचेच्या निम्म्या वजनाचं होतं. १९७८ मध्ये बर्कलीच्या कार्टराइट, शर्क आणि प्राइस यांनी ते कणांसमोर धरलं आणि तोवरच्या कुठल्याही प्लॅस्टिकपेक्षा त्याचा उंबरठा खाली असल्याचं दाखवलं. तीस-पस्तीस वर्षं लोक त्यातून आरपार बघत होते.

याआधी लेक्सन होतं, पॉलिकार्बोनेट. अपोलोच्या अंतराळवीरांची शिरस्त्राणं त्याची होती. अपोलो ८ आणि अपोलो १२ ची काही शिरस्त्राणं परत आल्यावर एच करण्यात आली आणि त्यांत विश्वकिरणांमधल्या जड केंद्रकांचे लांब शंकू निघाले. १९७१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्यांतले काही कण शिरस्त्राणातून आत गेले होते, काही डोक्यातून पार होऊन दुसऱ्या बाजूच्या प्लॅस्टिकमध्ये आले होते. त्याच काळात चंद्राकडे गेलेले लोक सांगत होते की अंधारात, डोळे मिटलेले असताना, त्यांना प्रकाशाच्या चमका दिसतात. मला त्या शिरस्त्राणाच्या आतल्या बाजूचा एक शंकू आठवतो, छायाचित्रात पाहिलेला, टोकदार, एकटा. ज्याच्या मस्तकातून तो गेला त्या माणसाला तो गेल्याचं कळलं नसेल, किंवा फार तर एक उजेडाची रेघ दिसली असेल.

प्लॅस्टिकची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्याला वेळ कळत नाही. पहिल्या दिवशी आलेला कण आणि शेवटच्या दिवशी आलेला कण, दोघांचे खड्डे सारखेच. या उणिवेवर मुंबईत जे उत्तर निघालं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर काम वाटतं, आणि आपल्याकडे त्याची आठवण फारशी निघत नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

२९ एप्रिल १९८५ ला चॅलेंजर यान स्पेसलॅब-३ घेऊन वर गेलं. त्यात एक भारतीय प्रयोग होता, अनुराधा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सुकुमार बिस्वास यांच्या गटाचा. प्रश्न असा होता. सत्तरीच्या दशकात अवकाशात कमी ऊर्जेच्या ऑक्सिजन, नायट्रोजन, निऑनच्या काही कणांची अनपेक्षित गर्दी आढळली होती. ते कुठले? १९७४ मध्ये फिस्क, कोझलॉव्स्की आणि रामाटी यांनी मांडलं होतं की हे मूळचे ताऱ्यांमधल्या पोकळीतले विद्युतभार नसलेले अणू. ते सूर्यमालेत वाहत येतात, सूर्याजवळ त्यांचा एक इलेक्ट्रॉन जातो, सौरवारा त्यांना पुन्हा सीमेपर्यंत लोटत नेतो, तिथे त्यांना प्रचंड वेग मिळतो, आणि ते परत फिरतात. असं असेल तर त्यांच्यावर एकच विद्युतभार असायला हवा. नेहमीच्या विश्वकिरणांतल्या ऑक्सिजनचे मात्र आठही इलेक्ट्रॉन गेलेले असतात.

प्लॅस्टिक हे थेट सांगू शकत नाही. शंकूच्या आकारावरून कण ऑक्सिजनचा होता हे कळतं, किती ऊर्जेचा हेही कळतं, पण आत शिरताच त्याचे उरलेसुरले इलेक्ट्रॉन गळून पडतात, त्यामुळे येताना त्याच्यापाशी किती होते ते कळत नाही. ते सांगते पृथ्वी. तिच्या चुंबकीय क्षेत्रात जास्त विद्युतभाराचा मंद कण जास्त वळतो आणि विषुववृत्ताकडच्या भागात खालपर्यंत पोचूच शकत नाही. एकाच भाराचा कमी वळतो, म्हणून पोचतो. तेव्हा कण आला त्या क्षणी यान पृथ्वीवर नेमकं कुठे होतं, एवढं कळलं की पुरे. म्हणजे वेळ हवी.

त्यांनी सीआर-३९ च्या तावांच्या दोन चळती केल्या. वरची स्थिर. खालची अगदी बारीक बारीक टप्प्यांनी, ठरलेल्या कालानं, फिरत राहणारी. कण दोन्हींतून पार जातो. एच केल्यावर त्याच्या वाटेचा वरचा तुकडा एका तावात सापडतो, खालचा दुसऱ्यात. मग खालची चळत किती अंशांनी मागे फिरवली की दोन्ही तुकडे एका रेषेत येतात ते पाहायचं. त्या कोनावरून कण आल्याची वेळ निघते, वेळेवरून यानाची जागा, जागेवरून विद्युतभार. जो काळ प्लॅस्टिकला कळत नव्हता तो त्यांनी दोन चळतींमधल्या सरकण्यात साठवला. कुलाब्याला एकेक वाट जुळवत लोकांनी वर्षं घालवली. आणि त्या कणांवर बहुतांशी एकच विद्युतभार असल्याचं निघालं. ताऱ्यांमधल्या पोकळीतून आलेले, सूर्याला भेटून परत सीमेवर गेलेले आणि तिथून पुन्हा फिरलेले ते कण साडेतीनशे किलोमीटर उंचीवर एका भारतीय उपकरणात येऊन थांबले होते.

चॅलेंजर ६ मे ला उतरलं. प्लॅस्टिक कोणताही संदेश पाठवत नाही, ते परत आणावंच लागतं, आणि ते परत आलं. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, २८ जानेवारी १९८६ ला, तेच यान सात माणसांसह गेलं.

कुलाब्यात हे काम आकाशातून पडल्यासारखं सुरू झालं नव्हतं. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उल्कापाषाणांतल्या, आणि पुढे अपोलोनं आणलेल्या चंद्राच्या मातीतल्या कणवाटा वर्षानुवर्षं वाचल्या होत्या. चंद्राच्या कणांवरचं काम करणाऱ्यांत व्ही. एस. व्यंकटवरदन होते. वरळीच्या नेहरू तारांगणात मुंबईच्या मुलांनी ज्यांची व्याख्यानं ऐकली, तेच. खनिजांतल्या वाटा लाखो, कोट्यवधी वर्षं टिकतात, उष्णता फार लागली तरच विरतात. ॲपेटाइटच्या स्फटिकातल्या युरेनियमच्या विखंडनाच्या वाटा साठ ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान आखडू लागतात. म्हणून त्यांच्या लांबीवरून खडक खोलातून वर कधी आला ते काढता येतं, आणि पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या जुन्या खडकांचं वर येणं याच रीतीनं अभ्यासलं गेलं आहे.

घरातली गोष्ट मात्र मला घाटापेक्षाही खोल वाटते. फ्लायशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माणसांनी वापरलेली चष्म्याची भिंगंच रेडॉनसाठी वाचून दाखवली. आणि त्याआधी, १९८८ मध्ये, स्वीडनमधल्या लुंडच्या सॅम्युअलसन यांनी घरातली साधी काच वाचायची रीत दिली होती. रेडॉनपासून झालेले अणू काचेवर बसतात. बसल्या जागी फुटले की अल्फा कण एकीकडे उडतो आणि उरलेलं केंद्रक त्या धक्क्यानं उलट दिशेला, काचेच्या आत, रुतून बसतं. फार खोल नाही, पण फडक्यानं निघणार नाही इतकं. तिथे त्याचं शिसं-२१० होतं, ज्याचं अर्धायुष्य बावीस वर्षं. पुढे त्यातून पोलोनियम-२१० होतं आणि ते अल्फा सोडतं. त्या काचेला सीआर-३९ चा तुकडा काही आठवडे चिकटवून ठेवला की दोन-तीन दशकांत त्या खोलीत किती रेडॉन होता याचा अंदाज बांधता येतो. घरं बदलली तरी चालतं, कारण लोक तसबिरी बरोबर नेतात. हे वाचल्यापासून आमच्या आजोबांच्या फोटोची काच मी वेगळ्या नजरेनं पाहते. आई दर दिवाळीला ती ओल्या फडक्यानं लख्ख करते. कोकणातल्या घराच्या बंद खोल्यांमधली, सारवलेल्या जमिनीची, पावसाळ्यातल्या मिटल्या खिडक्यांची हवा त्या काचेत रुतलेली आहे, आणि तिच्यातले काही अणू अजून फुटायचे आहेत.

इतकं सगळं ज्याच्यावर उमटतं, त्याच्यावर काहीच न उमटल्याची गोष्टही सांगायला हवी. १९७५ मध्ये प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं होतं की आयोवातल्या सू सिटीवरून उडवलेल्या बलूनमधल्या लेक्सनच्या चळतीत एक वाट सापडली आहे आणि ती चुंबकीय एकध्रुवाची आहे. म्हणजे चुंबकाचं एकच टोक असलेला कण, जो सिद्धान्तात बसतो पण कुणीच पाहिलेला नाही. लुइस अल्व्हारेझ यांनी दाखवलं की ती वाट वाटेत तुटत जाणाऱ्या प्लॅटिनमच्या केंद्रकाचीही असू शकते, आणि दावा टिकला नाही. पण शोध थांबला नाही. २००१ पासून बोलिव्हियातल्या चाकाल्ताया पर्वतावर, ५,२३० मीटरवरच्या प्रयोगशाळेत, स्लिम नावाच्या प्रयोगात ४०० चौरस मीटरहून जास्त सीआर-३९ मांडण्यात आलं. चार वर्षं ते तिथे राहिलं. मग ते सगळं खाली आणून, जाड ताव बरेच पातळ होईपर्यंत एच करून, चौरस सेंटिमीटर चौरस सेंटिमीटर तपासलं गेलं. एका तावात विचित्र खड्ड्यांची रांग दिसली तेव्हा क्षणभर श्वास अडकला असेल. कसून पाहिल्यावर तो प्लॅस्टिक तयार करतानाचा दोष निघाला.

एकही एकध्रुव सापडला नाही. त्यांनी तसंच लिहिलं, आणि इतक्या क्षेत्रफळावर, इतक्या वर्षांत एकही नाही, म्हणजे विश्वात ते याहून जास्त असूच शकत नाहीत, ही मर्यादा काढून दिली. ती मर्यादा काढता आली कारण त्या प्लॅस्टिकवर इतर काही साचलं नव्हतं. त्यानंतर सर्नच्या भूमिगत दालनात, मोएडल या प्रयोगात, पुन्हा असेच ताव टांगले गेले. ते काढून आणतात, एच करतात, पाहतात, आणि नवे टांगतात.